साल वरीलप्रमाणेच

"कागद गेला."

रविवारी सकाळी पावणेआठला दत्तप्रसाद सावळजकरांनी फोनवर एवढंच सांगितलं.

"कुठला कागद?" सुनेत्रानं विचारलं.

"कुठला काय विचारता? आपल्याकडे अस्सल कागद एकच आहे. पेटीतली जागा रिकामी आहे आणि कुलूप जसंच्या तसं. लगेच या."

"मॉम, इट्स संडे," आतून अवनी ओरडली. सुनेत्रानं चहा ओट्यावर तसाच ठेवला आणि गाडीची चावी उचलली.

दुबईतल्या चार इतिहासवेड्या मराठी लोकांनी ऊद मेथामधला एक हॉल एका दिवसाच्या प्रदर्शनासाठी घेतला होता. प्रदर्शनाचं नाव 'यादवी : १७०७'. औरंगजेब मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि ताराबाईंनी सांगितलं की गादी माझ्या मुलाची आहे. झालं, मराठ्यांसमोर मराठेच उभे राहिले. ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या, तरी भीमेकाठी खेडच्या लढाईत त्यांचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. ह्या सगळ्याचे नकाशे आणि सरदारांचे तक्ते भिंतीवर लागले होते. अस्सल वस्तू मात्र एकच होती. सावळजकरांचे पूर्वज हैबतराव यांचं मोडीतलं पत्र.

पत्र जेमतेम पाच ओळींचं. 'आम्ही स्वामींचे पायाशी एकनिष्ठ असो. लढाईचे दिवशी आमचे स्वार नदीअलीकडेच राहतील.' स्वामी कोण, त्याचं नाव पत्रात नाही. पण निनाद पटवर्धननं मोडी वाचून साल लावलं होतं १७००. त्या साली शाहू कैदेत होते. म्हणजे स्वामी ताराबाईंकडचेच. हैबतराव एकनिष्ठ, आणि नदीचा उतार राखून बसलेले. ह्या पत्राच्या जोरावर सावळजकरांची भावकी जानेवारीत गावात मोठी कमान उभारणार होती, 'एकनिष्ठ हैबतराव' अशा नावाची. पत्र सगळ्या भाऊबंदांच्या मालकीचं. दत्तप्रसादांनी ते आपल्या जबाबदारीवर दुबईला आणलं होतं.

सुनेत्रा पोचली तेव्हा हॉलमध्ये तिघं होते. दत्तप्रसाद येरझाऱ्या घालत होते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये त्यांचा लाकडी फर्निचरचा कारखाना, दीडशे माणसं हाताखाली. थांबून बोलायची सवय नव्हती. निनाद लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हात गुडघ्यांत घालून, केरू.

केरू धावडे दत्तप्रसादांचा ड्रायव्हर. लांज्याकडचा. बावीस वर्षं दुबईत, आणि एकदा वेग वाढल्याचा दंड सोडला तर नावावर डाग नाही. त्याच्यासमोर टेबलावर टाइप केलेला कागद होता आणि कागदावर पेन.

"सिंपल आहे," दत्तप्रसाद म्हणाले. "पेटीला दोन चाव्या. एक माझ्या पाकिटात, एक ह्याच्याकडे. काल शेवटी हा बाहेर पडला, हातात काळी थैली. मी त्याला चान्स देतोय. केरू, ह्या कागदावर सही कर की पत्र तू घेतलंस आणि तुझ्याकडून ते नष्ट झालं. मी तक्रार करत नाही. व्हिसा कॅन्सल, मंगळवारी घरी जा, खलास. नाही तर आत्ता पोलिसांत तक्रार देतो. मग चौकशी संपेपर्यंत मंगळवारचं विमान विसर."

केरूनं मान वर केली. डोळे लाल होते.

"ताई, गुरुवारी सगुणेचं कोल्हापूरला आप्रेशन हाय. हृदयातली झडप बदलायची. मंगळवारचं तिकीट हाय माझं. पोरबाळ नाय आमाला, तिच्याजवळ मी सोडून कोन हाय? पर चोर म्हनून सही नाय करणार. म्यां घेतलाच नाय तर सही कशी करू?"

सुनेत्रानं टेबलावरचा कागद वाचला. तिला बोलावलं होतं ते त्याला वाचवायला नव्हे. ती समितीची सेक्रेटरी. साक्षीदार म्हणून सही हवी होती.

"मला दोन वाजेपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"पुण्याहून इतिहासाच्या अभ्यासक सुजाताबाई आल्यात, चार वाजता त्यांच्या हस्ते उद्घाटन आहे. त्यांना काहीतरी सांगावं लागेलच ना? नीट चौकशी करून सांगू."

दत्तप्रसादांनी घड्याळ पाहिलं. "दोन. दोन वाजून एक मिनिटही नाही."

सुनेत्रा एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होती. साइटवर कुठला नकाशा जुना, कुठला नवा, कुठला रद्द, हे सांभाळायचं काम. अठरा वर्षं तेच केल्यामुळे ती घरातल्या वाणसामानाच्या यादीलाही कोपऱ्यात 'आर-शून्य' लिहायची आणि यादी बदलली की 'आर-एक'. नवरा तिची त्यावरून यथेच्छ टिंगल करायचा.

तिनं पेटी पाहिली. आतल्या मखमलीवर दोन जागा. डावीकडे साताऱ्यातल्या एका जुन्या पत्राची छापील प्रत (निनादच्या मते आपलं पत्र त्याचंच उत्तर), तिच्यावर शकाचं साल स्पष्ट, १६२२ म्हणजे इसवी १७००. उजवीकडे अस्सल पत्राची जागा, रिकामी. जागेखालचं लेबल मात्र होतं. तिनं स्वतःच गुरुवारी छापलेलं.

तिनं ते उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं.

लेबलावर दोन ओळी होत्या. हैबतरावांचं नाव आणि साल १७००. कोपऱ्यात 'आर-शून्य' नव्हतं.

तिनं मोबाइलवर आपली फाइल उघडली. तिच्या लेबलावर ओळी तीन होत्या. तिसरी निनादनं दिलेली: 'मूळ शेवट : छ ७ रजब सन समान मया अलफ. अर्थ : साल वरीलप्रमाणेच. मया अल्प होऊ नये, ही विनंती.' टाइप करताना तिला 'मया' हा शब्द फार आवडला होता. आता गावाकडेही कुणी म्हणत नाही, इतका मऊ शब्द.

तिनं लेबल पर्समध्ये टाकलं आणि कुणाला काही बोलली नाही. पण डोक्यात एकच प्रश्न गरगरायला लागला. चोरी करणारा माणूस मागे ठेवलेलं लेबल का बदलेल?

दारावर ओवेस बसायचा. हैदराबादचा, हॉलची राखण त्याच्याकडे.

"कॅमेरे किती?"

"एकीच है मॅडम, दरवाजे पे. और दरवाजा भी एकीच है."

"काल कोण कधी आलं, गेलं?"

ओवेसनं पडद्यावर मागे-पुढे करून दाखवलं. "निनाद साब पांच बजने को दस कम थे, तब आए. सात दस को गए."

"मधे बाहेर?"

"नक्को. बीच में निकलेच नहीं. सव्वा सात को आप और बडे साब. साडे सात को केरूभाई गाडी से खोका लाए. फिर आठ बजे वो गए, काली थैली ले के."

"थैलीत काय होतं?"

"कचरा बोले. सामने के डब्बे में डाले. वो तो सुबहीच गाडी ले गई." ओवेस जरा घुटमळला. "मॅडम, केरूभाई वैसा आदमी नहीं है. मगर मेरी कौन सुनेगा?"

तिचं तरी कोण ऐकणार होतं, असं तिला वाटून गेलं.

केरूला तिनं पँट्रीत नेलं, चहा दिला.

"केरूभाऊ, पेटीची चावी कुठं असते?"

"गाडीच्या चावीच्या कड्यात."

"काल ते कडं कुणाच्या हातात दिलं होतं?"

"निनादसरांनी मागितलं. सहा वाजता. गाडीतनं बक्षिसांचा खोका आनतो म्हनाले. मी त्या टोकाला शिडीवर, ब्यानर बांधत व्हतो, पाठ इकडं. वरनंच टाकलं खाली."

"आम्ही कुठं होतो?"

"तुमी आन् साहेब स्टेजमागं माइक बघत व्हतात."

"कडं परत कधी मिळालं?"

"झाली आसतील वीसेक मिन्टं."

"आणि खोका?"

"ऱ्हायलाच म्हनाले. मग मीच आनला, नंतर."

सुनेत्रानं ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

"त्या पत्राला तुम्ही कधी हात लावला होता?"

"हात कशाला लावू, ताई? शुक्रवारी सर फोटो काढत व्हते, तवा दिवा धरला व्हता. सर मोठ्यानं वाचत व्हते. शेवट वाचला आन् मला हसायलाच आलं. म्हटलं, सर, हे तर हितलंच बोलनं."

"मग?"

"सर बी हसले. मग म्हनाले, परत सांग. सांगितलं. मग गप झाले, ते गपच."

सुनेत्राला वाटलं, 'मया' ऐकून गडी हसला असेल. शब्द त्याच्या गावचाच. तिनं ते टिपून घेतलं नाही. शहाण्या माणसांकडून होणाऱ्या चुका अशाच असतात, त्या फार सरळ दिसतात.

"ताई," केरू म्हणाला, "सगुणा एकलीच सही करल का वो आप्रेशनच्या कागदावर? डॉक्टर म्हनले घरचं मानूस पायजे."

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

निनाद सिलिकॉन ओएसिसमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. वय पस्तीसच्या आसपास, हुशार, नम्र. मोडी तो तीन महिन्यांच्या ऑनलाइन वर्गात शिकला होता आणि दुबईच्या मराठी मंडळींत तेवढ्यावर त्याला मोडीतज्ज्ञ म्हणत. त्यानंही कधी नाही म्हटलं नव्हतं.

"पत्र कुणाला हवं असेल, निनाद?"

"ताई, बाजारात अशा कागदांना गिऱ्हाईक असतं. वाईट वाटतं बोलायला, पण गरजू माणूस..."

"शुक्रवारनंतर तू पेटी उघडलीस?"

"छे. फोटो काढले, साहेबांनी कुलूप लावलं. दॅट्स इट."

"काल सहाला काय करत होतास?"

"पार्किंगमध्ये गेलो होतो. खोका आणायला. पण फार जड होता, म्हणून ठेवला."

"बरं. सुजाताबाई पत्राचं काय करणार होत्या?"

निनादनं बॅगेची चेन उगाच उघडून परत लावली. "उद्घाटनाला मोठ्यानं वाचून दाखवणार होत्या. गुरुवारी रात्री ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. आता काय वाचणार!"

एवढं बोलून तो खिन्नपणे हसला. ते हसणं तरी खरं होतं.

साडेबारा वाजले. सुनेत्रा व्हरांड्यात येऊन उभी राहिली. निनाद खोटं बोलला होता, हे कॅमेऱ्यानं सांगितलंच होतं. कडं घेऊन तो बाहेर गेलाच नव्हता. पण त्यानं हे का करावं? पत्र विकायचा त्याचा पिंड नव्हता. इतिहासावर त्याचं मनापासून प्रेम होतं. आणि कारण कळल्याशिवाय दत्तप्रसादांसमोर तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. ते म्हणतील, पोरगा घाबरून चुकीचं बोलला. ते केरूचं ऐकणार नाहीत आणि निनादचं ऐकतील, कारण निनाद त्यांच्या घरी जेवायला येतो आणि केरू त्याला सोडायला जातो. तिला त्या क्षणी स्वतःचाही राग आला. तीही निनादलाच जेवायला बोलवायची.

समोर खुर्च्यांचा टेम्पो लागला होता. एक माणूस दहा-दहा खुर्च्यांची चळत उतरवत होता आणि ओवेस त्याच्याबरोबर मोजत होता.

"खमसा... सित्ता... सबा... समानिया... यल्ला, जल्दी!"

"कम?" टेम्पोवाल्यानं वरून विचारलं, किती झाल्या म्हणून.

"मिया! मिया कुर्सी, खलास!"

सुनेत्रा जागच्या जागी थबकली.

"ओवेस, आत्ता काय म्हणालास?"

"सौ कुर्सी, मॅडम. अरबी में मिया."

"आणि आठ?"

"समानिया."

"हजार?"

"अलफ. क्यों, मॅडम?"

समान. मया. अलफ. हितलंच बोलनं, असं केरू म्हणाला होता. त्याचं हितलं म्हणजे लांजा नव्हतं. दुबई होतं.

तिनं भिंतीला टेकून सुजाताबाईंना फोन लावला.

"बाई, जुन्या मराठी पत्रात 'सन समान मया अलफ' असेल तर त्याचा अर्थ काय?"

पलीकडे बाई हसल्या. "अहो, तो शुहूर सन. आपल्या दप्तरांत सालाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. समान आठ, मया शंभर, अलफ हजार. अकराशे आठ. पावसाळ्यानंतरचा महिना असेल तर त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवायचे."

सुनेत्रानं मनात बेरीज केली. सतराशे सात.

"आणि सात रजब?"

"थांबा, जंत्री बघते." कागद उलटल्याचा आवाज आला. "ऑक्टोबरचा पहिला आठवडा. अहो, म्हणजे खेडच्या लढाईच्या आठवडाभर आधी! कुठल्या पत्रावर आहे हे?"

"सांगते नंतर," सुनेत्रा म्हणाली. तिनं फोन ठेवला.

पावणेदोनला तिनं सगळ्यांना टेबलाशी बसवलं. केरू उभाच राहिला. तो खुर्चीवर बसेना.

"सावळजकरसाहेब, चोरानं तुमच्या पेटीतून पत्र नेलं आणि लेबल बदललं." तिनं जुनं लेबल मोबाइलवर दाखवलं आणि नवं टेबलावर ठेवलं. "माझ्या लेबलावर खूण असते. ह्याच्यावर नाही, आणि तिसरी ओळही नाही. चोराला लेबलाशी काय देणंघेणं? त्या ओळीत काहीतरी होतं जे कुणाला दिसायला नको होतं. नुसतं काढून नेलं असतं तर मी माझ्या फाइलमधून परत छापलं असतं. म्हणून तयार करूनच आणलं. हे केरूभाऊंचं काम नाही. त्यांच्याकडे ना प्रिंटर, ना हा मराठी फाँट. फाँट दोघांकडे आहे, माझ्याकडे आणि निनादकडे."

"ताई, तुम्ही काय..."

"काल सहाला तू केरूभाऊंकडून चाव्या घेतल्यास, पार्किंगमध्ये जायला. कॅमेऱ्यात तू पाच ते सात दाराबाहेर पडलेला नाहीस. वीस मिनिटं तू ह्याच हॉलमध्ये होतास, पेटीची चावी हातात घेऊन."

निनादनं मांडीवरची बॅग जवळ ओढली.

"पण का?" दत्तप्रसाद म्हणाले. "निनादनं का करावं?"

"कारण 'सन समान' म्हणजे 'साल तेच' असं त्यानं वाचलं. शेजारच्या पत्राचं साल १७००, म्हणून ह्याचंही १७००. 'मया अलफ' म्हणजे 'मया अल्प होऊ नये'. आणि मी शहाणीनं ते टाइप करून दिलं. शुक्रवारी त्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि बावीस वर्षं अरबांत काढलेल्या माणसानं त्याला सांगितलं की हे तर इथलंच बोलणं. केरूभाऊ, काय सांगितलं होतंत?"

केरूनं घाबरत साहेबांकडे पाहिलं. "म्हटलं, आठ, शंभर, हजार."

"आठ, शंभर, हजार. अकराशे आठ. इसवी १७०७. आज सुजाताबाईंनी पत्र वाचलं असतं तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. आणि नुसती ती तिसरी ओळ वाचूनही कळलं असतं. दुबईतल्या मोडीतज्ज्ञाला साल वाचता येत नाही, हे शंभर खुर्च्यांसमोर."

मग निनादनं लॅपटॉपची बॅग उघडली, आतून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. पत्र त्यात होतं. सकाळपासून ते त्याच्या मांडीवर होतं.

"फाडवलं नाही मला," तो म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं. "मला वाटलं, सुजाताबाई परत गेल्या की कुठंतरी सापडलं म्हणून आणून देईन. केरूवर येईल असं खरंच... सकाळी साहेब ओरडले, आणि मग मला बोलताच येईना."

केरूनं दोन्ही हात जोडले, कुणाला ते त्यालाही कळलं नसावं. "मिळालं ना, साहेब? मिळालं. मी नव्हतं घेतलं."

सुनेत्राला वाटलं, झालं. निदान एक माणूस मंगळवारी मान वर करून घरी जाईल.

दत्तप्रसाद मात्र पत्राकडे बघत होते. धंद्यात मुरलेला माणूस. हिशेब त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

"सतराशे सात," ते हळू म्हणाले. "खेडच्या आधी?"

"आठवडाभर आधी."

"म्हणजे स्वामी..."

"शाहू. ताराबाईंकडे शपथ घेतलेली, आणि इकडे लिहून दिलं की लढाईच्या दिवशी आमचे स्वार नदी ओलांडणार नाहीत." सुनेत्राला त्यांची दया आली. "साहेब, तेव्हा धनाजी जाधवांसारखे सेनापती शाहूंकडे गेले. त्यात लाज कसली?"

"तुम्हाला नाही. जानेवारीत माझ्या गावात कमान उभी राहतेय, एकनिष्ठ म्हणून." त्यांनी पाकीट उचललं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. "हे पत्र सापडलेलं नाही."

"काय?"

"सापडलं तर सुजाताबाई वाचणार. वाचलं तर छापून येणार. पत्र हरवलंय. आणि भाऊबंदांना मला सांगावं लागेल की कुणी हरवलं." त्यांनी टाइप केलेला कागद केरूकडे सरकवला. आवाज चढला नाही, उलट मऊ झाला, आणि तेच जास्त भयंकर होतं. "केरू, तू चोर नाहीस, मला माहीत आहे. पण निनादचं नाव मी लिहू शकत नाही. का म्हणून विचारलं की सगळंच बाहेर येतं. तू सही कर. मंगळवारी जा."

"मी सगळ्यांना सांगेन," सुनेत्रा उभी राहिली. "कॅमेरा आहे, लेबल आहे. आत्ता चार वाजता सांगेन."

"सांगा. मग मी तक्रार देतो. तुम्ही पोलिसांना पुरावे द्या, ते नीट तपास करतील, केरू निर्दोष सुटेल. माझी खात्री आहे. महिना लागेल, दोन लागतील."

महिना. गुरुवार चार दिवसांवर होता. सुनेत्रा निनादकडे वळली. "तू बोल ना काहीतरी! माणूस आहेस ना?"

निनादनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

खरं काय ते ह्या खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. सुनेत्राला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. तिनंच शोधून काढलं नसतं तर पत्र आठ दिवसांनी 'सापडलं' असतं. तिच्यामुळेच ते आता कधी सापडणार नव्हतं.

केरू पुढे आला. त्यानं खुर्ची ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदा साहेबांसमोर न सांगता बसला.

"केरूभाऊ, नका करू," ती म्हणाली. "सकाळी तुम्हीच म्हणालात ना?"

"सकाळी वाटत व्हतं, खरं कळलं की सुटन," केरू म्हणाला. "आता कळलं की सगळ्यांना. ताई, तुमी माझ्यासाठी धावलात, मी इसरनार नाय. पर गुरुवारी तिला आत नेतील तवा दाराशी मी नसलो तर मी निर्दोष आसून काय करू?"

त्यानं सही केली. सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत. दत्तप्रसादांनी कागद निनादपुढे धरला. पहिला साक्षीदार म्हणून निनादनं मान वर न करता सही केली. मग कागद सुनेत्रापुढे आला.

तिनं हात मागे घेतला.

"करा, ताई," केरू म्हणाला. "दोन साक्षीदार लागतात म्हनं. उगीच आडायला नको."

सुनेत्रानं पेन घेतलं. आयुष्यात तिनं खोट्या कागदावर कधी सही केली नव्हती. तिनं सही केली.

दत्तप्रसाद आणि निनाद खुर्च्या लावून घ्यायला बाहेर गेले. चारला लोक येणार होते. केरू तिथंच बसून राहिला. थोड्या वेळानं त्यानं खिशातून घडी घातलेलं तिकीट काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"ताई, ते मोबाइलवरनं शीट घ्यायचं आसतं ना? मला जमत नाय. तेवढं करता का?"

तिनं डोळे पुसले, मोबाइल उघडला आणि नंबर टाकला. पडद्यावर विमानाच्या रांगा आल्या. "खिडकी देऊ?"

"खिडकी नको," केरू म्हणाला. "दाराजवळची बघा. उतरायला लवकर व्हईल."